शेरा : पाऊल

१

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. घरं हलतात का, ते मी बघते. खाणीत रोज दुपारी एक वाजता सुरुंगाचे बार उडवतात. त्याचा हादरा वस्तीपर्यंत किती पोचला, आवाज किती झाला, हे मोजायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. वस्तीत मला यंत्रबाई म्हणतात. खाणीतले लोक तोंडावर मॅडम म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

यंत्र तसं साधं. मुठीएवढा एक डबा फरशीला प्लास्टरने चिकटवायचा, त्याची वायर एका पेटीला जोडायची आणि खिडकीबाहेर एक माइक टांगायचा. जमीन हलली की पेटी आपोआप जागी होते आणि चार रेघा काढते. तीन हादऱ्याच्या, म्हणजे वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवी. चौथी आवाजाची. पेटीला अक्कल नाही. कोणी दार आपटलं, कोणी डब्याजवळून चाललं, तरी ती इमाने इतबारे नोंद करते. अशा नोंदीसमोर शेऱ्याच्या रकान्यात ‘पाऊल’ असं लिहायचं आणि ती अहवालातून काढून टाकायची. मला शिकवणाऱ्याने हेच शिकवलं, आणि मी पुढे चार जणांना हेच शिकवलं.

यातलं एक यंत्र माझ्या सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आहे. यात वशिला नाही. ताईचं घर आळीतलं शेवटचं, म्हणजे खाणीला सगळ्यात जवळचं. पाचशे मीटरच्या आत घर असेल तर बार उडवताना माणसं हलवावी लागतात, असा नियम. ताईचं घर पाचशे वीसवर. खाणीची हद्द ज्याने आखली तो चांगलाच बेरकी असणार.

सहा वर्षांपूर्वी खाणीत एकच मोठा बार उडवायचे. ताईच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत तडा गेला. मी आकडे टेबलावर आपटले, भांडले, आणि लिहून दिलं की एक मोठा नको, एकेका मिनिटाच्या अंतराने तीन लहान उडवा. त्यांना ऐकावं लागलं. तडा जिथल्या तिथे थांबला आणि आळीत माझी कॉलर ताठ झाली. या महिन्यात खाण आळीच्या बाजूने रुंद करायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी, म्हणजे खाणीच्या मॅनेजरने, आपण होऊन मला विचारलं. मी गणित करून सांगितलं, पाच टप्पे करा. तसं लेखी दिलं. येत्या गुरुवारी पाच बार उडायचे होते, आणि त्या कागदावर माझी सही होती.

ताईच्या घरच्या नोंदी मला तोंडपाठ होत्या. तिसऱ्या बारानंतर वीसेक सेकंदांनी दहा बारीक हादरे. तिच्या दारापासून खिडकीपर्यंत बरोबर दहा पावलं आहेत. बार संपले की ताई खिडकीशी जाते आणि खाणीच्या दिशेने दोन सणसणीत शिव्या हासडते, हे अख्ख्या आळीला माहीत. त्यामुळे मी डोळे झाकून ‘पाऊल’ लिहायचे. सहा वर्षं लिहिलं.

२

शुक्रवारी मी आठवड्याच्या नोंदी घ्यायला गेले, तर ताई स्टुलावर पाय ठेवून बसलेली आणि पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सोमवारी सकाळी पायरीवरून घसरली होती. मला कळवलं का नाहीस म्हणून मी आवाज चढवला, तर म्हणाली, कळवून तू काय हाड सांधणार होतीस? ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बाबा गेल्यापासून मला रागवायचं कंत्राट तिच्याकडे आहे.

शेजारीण दोन्ही वेळचा डबा देत होती. ताई पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर, तेही दोन कुबड्या घेऊन, तेही रडतखडत. चहा मी केला. मग पेटी उघडून नोंदी बघत बसले. सोमवार, तीन बार, दहा पावलं. मंगळवार, तीन बार, दहा पावलं. बुधवारही तेच. हात सवयीने ‘पाऊल’ लिहायला गेला आणि नजर स्टुलावरच्या त्या पांढऱ्या ओंडक्यावर गेली.

“ताई, बार झाले की खिडकीशी कोण जातं?”

“मीच जायचे. आता इथूनच शिव्या देते. पोचतात त्यांना.”

मी म्हटलं, शेजारीण येत असेल. ती सकाळी आणि संध्याकाळी येते, दुपारी तिचा शिवणाचा क्लास असतो, असं ताईने सांगितलं. मग मी म्हटलं, पाण्याचा पाइप असेल. नळ एकदम बंद केला की पाइप भिंतीत ठोकतो. फ्रिजही चालू होताना थरथरतो. मी तिला दहा कारणं सांगितली, ती चहा पीत ऐकत राहिली. मग मला कळलं की तिने काही विचारलेलंच नव्हतं. मी स्वतःलाच समजावत होते.

३

शनिवारी बारा वाजताच ताईकडे जाऊन बसले. फ्रिजची पिन काढली. नळाचा मुख्य कॉक बंद केला. दाराला आतून कडी घातली. ताईला पलंगावर बसवलं आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून दोन्ही पाय वर घेतले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पदरी दोन मुलं, आणि मांडी घालून ओट्यावर. ताईला हसू आवरेना. म्हणाली, तुझा फोटो काढून अहवालाला जोड.

भोंगा झाला. पहिला बार, खिडकीची काच किणकिणली. एक मिनिट. दुसरा. एक मिनिट. तिसरा. धुळीचा लोट उठला आणि खाणीकडे सगळं गप्प झालं. मी पेटीचा छोटा पडदा मांडीवर धरला होता. मनात आकडे म्हणत होते. अठरा, एकोणीस, वीस.

पहिला आला तो ऐकू आला नाही. ओट्याच्या दगडातून माझ्या बैठकीला कळला. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपावर पत्र्याचं झाकण असतं, ते जेमतेम थरथरलं. मग दुसरा. तिसरा. सावकाश, एकसारखे, मध्ये दीड सेकंद. कोणीही माणूस इतकं मोजून चालत नाही. पडद्यावर वर-खाली रेघ उडत होती आणि आडव्या दोन्ही जवळजवळ निजलेल्या. म्हणजे जे काही होतं ते बाजूने येत नव्हतं. सरळ खालून येत होतं. आवाजाची रेघ सपाट.

सातव्याला मी ओट्यावरून उतरले. नवव्याला गुडघे टेकले आणि दहाव्याला डब्याशेजारच्या फरशीवर तळवा ठेवला. फरशी गार होती. पण त्या एका क्षणी असं वाटलं की पलीकडूनही कोणी हात टेकलाय, माझ्या हाताच्या अगदी समोर. मी हात ओढून घेतला. आणि ओढला म्हणून मला स्वतःचाच असा राग आला की मी तो परत ठेवला. तेव्हा खाली काही नव्हतं.

ताई आता हसत नव्हती.

४

पाण्यात वर्तुळं उठली असतील तर दिसतील म्हणून मी पिंपाचं झाकण उचललं. पाणी अजून कापत होतं. झाकण भिंतीला टेकवून ठेवलं तेव्हा त्याची खालची बाजू माझ्याकडे आली. इतकी वर्षं त्या पिंपातून पाणी घेतलं, पण झाकण उलटं करून कोण बघतं? निळा मुलामा होता, त्यावर पांढरी अक्षरं, कडेने गंज चढलेली. मी वाचलं.

‘खाणीत अडकल्यास. वर तीन बार ऐकू आले म्हणजे तुम्हाला शोधत आहेत, छताला दहा ठोके द्या. वर पाच बार ऐकू आले म्हणजे तुमची जागा कळली आहे, निघायची तयारी करा.’

“हा पत्रा कुठला?” मी विचारलं.

ताईने प्लास्टरवरची धूळ झटकली. मग तिने सांगितलं. ही उघडी खाण यायच्या फार आधी इथे जमिनीखालची जुनी खाण होती, एवढं मला माहीत होतं. बाबा तिथे वर बार उडवायच्या कामावर होते, हेही माहीत होतं. पुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मी तीन वर्षांची होते. खाली एक गाळा, म्हणजे बोगद्याचा एक भाग, खचला आणि सतरा माणसं अडकली. आमचा काका त्यात होता. बाबांनी तीन बार उडवले आणि जमिनीला कान लावला. दहा ठोके आले. बाबांनी स्वतः ऐकले. अधिकाऱ्याने कान लावला, तो म्हणाला मला काही ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन, पुन्हा दहा. बाबा पाच बारांची तयारी करून उभे होते. हुकूम आला, घरी जा. खाणीच्या वहीत लिहिलं, ‘काही नाही’. खाणीचं तोंड बुजवून टाकलं. बाबांनी येताना हा पत्रा भिंतीवरून उपटून आणला आणि पुन्हा कधी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

“मी तो पालथा घातला,” ताई म्हणाली. “रोज वाचायला नको, आणि हरवायलाही नको.”

माझ्या डोक्यात गणित आपोआप चाललं होतं. खाणीत एकच बार उडत होता तोवर खालून काही नव्हतं. तीन बार मी द्यायला लावले. माझ्या बहिणीच्या भिंतीसाठी. सहा वर्षं रोज भरदुपारी मी खाली सांगत होते की तुम्हाला शोधतोय. सहा वर्षं ते रोज उत्तर देत होते, आणि मी त्या उत्तरापुढे ‘पाऊल’ लिहून ते पुसत होते. आणि गुरुवारी पाच.

मी ते मोठ्याने बोलून दाखवलं. पंचेचाळीस वर्षांनी माणूस ठोके देत नाही ताई, मी म्हटलं. जे देतंय ते काका नाही. कोणी का असेना, त्याला निघा म्हणून सांगायचं नाही, आणि तुझ्या स्वयंपाकघरात तर नाहीच.

ताईने पत्रा मागून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

“देऊ देत पाच,” ती म्हणाली.

५

सोमवारी मी सहा वर्षांच्या पुसलेल्या नोंदी घेऊन साहेबांकडे गेले. अहवालातून काढल्या तरी पेटीतून मी काही फेकत नाही, ती माझी खोड आहे. शनिवार-रविवार घरात बसून मी सगळ्या एका कागदावर मांडल्या होत्या. पहिल्या वर्षीचे ठोके जेमतेम पेटीला जागं करण्याइतके. दुसऱ्या वर्षी थोडे मोठे. गेल्या महिन्यात ते पहिल्या वर्षीच्या चौपट झाले होते. सुट्टीच्या दिवशी एकही नाही.

साहेब वाईट माणूस नाही. शांत बोलतो, पाणी विचारतो, टेबलावर खाणीतला एक गुळगुळीत दगड आहे त्याच्याशी खेळतो. त्याने कागद नीट बघितला. मग भिंतीवरचा नकाशा दाखवला. जुनी खाण टेकडीच्या पलीकडे, आळीखाली अखंड खडक. मी म्हटलं, नकाशा कोणी काढला? तो म्हणाला, जुन्या कंपनीने. मी म्हटलं, हां, त्यांनीच वहीही लिहिली होती. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

मी पत्र्याचं सांगितलं नाही. हसला असता, आणि मग मी काय बोलले असते त्याचा नेम नव्हता. एवढंच म्हटलं की चार उडवा किंवा सहा उडवा, पाच नको. तो म्हणाला, पाच हा तर तुमचाच आकडा. परवानगी पाचावर मिळाली आहे, बदलायचं तर तीन महिने जातील. त्याचंही खरं होतं. मला चिडायलाही जागा ठेवली नव्हती, आणि त्याने मी जास्तच चिडले.

मग त्याने दगड खाली ठेवला. गुरुवारच्या अहवालात बारांशिवाय दुसरी कुठलीही नोंद नको, असं त्याला हवं होतं. वरून माणसं तपासायला येणार होती.

“काही नाही, असं लिहा मॅडम. सहा वर्षं तुम्ही तेच लिहिताय.”

तेच दोन शब्द. पंचेचाळीस वर्षं मधे गेली तरी जसेच्या तसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, सहा वर्षं मी पाऊल लिहिलं, ती माझी चूक. पण काही नाही असं मी कधी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. सही हवी असेल तर जे येईल ते लिहीन. सही नको असेल तर दुसरी यंत्रबाई शोधा, तीन दिवसांत मिळते का बघू.

मोठ्या बाराच्या वेळी यंत्रापाशी खाणीचा एक माणूस साक्षीला बसावा लागतो. साहेब एका कारकुनाला पाठवणार होता. मी म्हटलं, कारकून नको, तुम्ही या. पाऊलच असेल तर भ्यायचं काय?

त्याच्या केबिनबाहेर तीन माणसं ऐकत उभी होती. तो म्हणाला, येतो.

६

मंगळवार-बुधवार मी आळीतली अकराही घरं फिरले. गुरुवारी एकला घरात थांबू नका, बार मोठा आहे, मुलाबाळांना घेऊन शाळेच्या पटांगणावर जा. कुरकुर झाली. यंत्रबाई म्हणते तर जाऊ, असंही म्हणाले. माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती, आणि त्याच शब्दाने मी त्यांच्या पायाखाली काय करून ठेवलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मला ते सांगायचं धैर्य झालं नाही, ते मी कबूल करते.

ताई मात्र हलेना. मी हातापाया पडले. रिक्षा दारात आणून उभी केली. तिने रिक्षावाल्याला पाणी पाजून परत पाठवलं.

“तुला भीती वाटते का?” तिने मला विचारलं.

“वाटते. तुला नाही वाटत?”

“वाटते की. पण भीती वाटते म्हणून मी माझ्या घरातून निघायचं, आणि ज्याने वहीत खोटं लिहिलं त्याने पेन्शन खाऊन मरायचं, हे मला मान्य नाही. बाबा आयुष्यभर जमिनीकडे बघत चालले. मी नाही चालणार.”

मग हलक्या आवाजात म्हणाली, आणि काकाचं काही नसलं तरी कोणीतरी रोज उत्तर देतंय ना. त्याला एकदा तरी खरं सांगायला नको?

मी घरी फोन करून सांगितलं की आज येत नाही, उद्याही उशीर होईल, आणि ताईच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकली. पाठ जमिनीला लागेना म्हणून शेवटी खुर्चीत बसून डोळे मिटले. रात्रभर खालून काही आलं नाही. ते येत नसतंच. ते फक्त विचारल्यावर बोलतं.

७

गुरुवारी साहेब पावणेएकला आला. बूट दाराबाहेर काढले, ताईला नमस्कार केला, पायाची चौकशी केली. मी त्याला डब्यापासून लांबची खुर्ची दिली आणि पाय वर घ्यायला सांगितले. त्याने मुकाट्याने घेतले. ताई दाराजवळच्या खुर्चीत, दोन्ही पाय स्टुलावर. मी ओट्यावर. आळीत चिटपाखरू नव्हतं. खिडकीतून उन्हात तापलेली रिकामी गल्ली दिसत होती आणि कोणाच्या तरी दोरीवरचे कपडे.

भोंगा झाला. पहिला बार. भिंतीतल्या तड्यातून चुना गळला. साहेबाने पडद्याकडे बोट केलं, मर्यादेच्या खूप खाली होता. दुसरा. तिसरा. तिसऱ्यानंतर मी श्वास धरला. वीस सेकंद गेली. पंचवीस. ठोके आले नाहीत. खाली कोणीतरी थांबलं होतं. इतकी वर्षं तीन ऐकून उत्तर द्यायची सवय असलेलं कोणीतरी आज काय म्हणून थांबलं, ते मला विचारू नका. मला एवढंच कळलं की तेही मोजत होतं.

चौथा बार झाला. अजून वेळ होता. खाणीवरच्या माणसाशी बोलायचा वायरलेस साहेबाच्या मांडीवर होता, हात लांब केला असता तर पोचला असता. थांबवा असं ओरडले असते तर कदाचित थांबलेही असते. मी ताईकडे बघितलं. तिने पत्रा पोटाशी धरला होता, सरळ बाजू वर करून, आणि तिचे ओठ हलत होते. ती आकडे म्हणत नव्हती. काकाला हाक मारत होती. मी हात मांडीखाली दाबून धरला.

पाचवा झाला.

८

मग काहीच झालं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. चारही रेघा सरळ. साहेबाने रुमालाने मान पुसली आणि हसला. खरंच बरं वाटलं असावं त्याला. म्हणाला, बघा मॅडम, उगीच जिवाला घोर लावून घेतलात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, सुटल्याचं. तो पाय खाली सोडणार, तेवढ्यात पेटी जागी झाली.

एक हादरा. मग दुसरा, जरा पुढे. मग तिसरा. ठोके एका जागी येतात. हे एका जागी नव्हते. आज पहिल्यांदा आडव्या रेघा उठल्या होत्या.

“कोण चालतंय?” साहेब म्हणाला.

कोणी चालत नव्हतं. आम्हा तिघांचे सहाही पाय हवेत होते आणि दाराला कडी होती. रेघ हळूहळू मोठी झाली, डब्याच्या अगदी खाली आली, आणि पुढे सरकून कोपऱ्यात पिंपाशी थांबली. तिच्यामागून दुसरी निघाली. पिंपातल्या पाण्यावर वर्तुळं उठून कडेला आपटत होती. एकेकाची चाल डब्याखालून जाताना वाढायची आणि पुढे विरायची. दारातून आत येणारे पाहुणे मोजावेत तसं मोजता येत होतं. मी मोजत होते. अंगाला दरदरून घाम सुटला होता, पण मोजणं हे माझं काम आहे आणि या वेळी ते मी टाकणार नव्हते.

साहेब खुर्चीतून उठला. ताईने न उठता एक कुबडी दारावर आडवी लावली.

“बसा,” ती म्हणाली. “इतक्या लांबून कोणी येत असेल तर घरात माणूस लागतं. आणि त्यांना सांगायला कोणी खाणीचंही लागेल.”

तिला ढकलून जाणं त्याला अवघड नव्हतं. पण त्याची नजर पिंपाकडे गेली होती, आणि तो बसला. मीही तिकडे बघितलं. पिंपाच्या बुडाशी दोन फरशांमधली सांध आहे, तिच्यातलं सिमेंट कधीच उडून गेलंय. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी ती सांध उजळली होती. खालून. पिवळट, मंद. डोक्याला लावलेला दिवा माणूस मान वळवेल तसा हलतो, तसा तो उजेड हलत होता. मग त्याच्याशेजारी दुसरा आला.

साहेब कुजबुजला, मॅडम, हे लिहू नका. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला त्याची कीव आली, पण थोडीच. मी अहवाल गुडघ्यावर घेतला. वेळ टाकली, एक वाजून नऊ मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात ‘पाऊल’ असं लिहिलं, खाडाखोड न करता, आणि खाली सही केली. मग कागद त्याच्यापुढे धरला. साक्षीदाराची सही तिथेच खाली असते. त्याने केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण केली.

ताई ओट्यावरच्या फळीकडे बोट करून म्हणाली, पेले काढ, तहानले असतील. मी उतरले नाही. पाय खाली ठेवायची माझी छाती नव्हती. बसल्या जागेवरून हात वर करून एकेक पेला काढत गेले आणि ओट्यावर मांडत गेले. एक डोळा पडद्यावर. पंधरा. सोळा. सतरा. सतरावा पेला ठेवला आणि मी ताईकडे बघितलं, आता संपलं म्हणून.

रेघ थांबली नाही. डब्याखालून अठरावी चाल गेली. मग एकोणिसावी. तिच्यामागे लांब, पार रेघेच्या टोकापर्यंत, बारीक बारीक हादरे रांगेत येत होते. कोपऱ्यातली फरशी एका बाजूने बोटभर वर उचलली गेली आणि पिंप कलंडल्यासारखं झालं.

“ताई,” मी म्हटलं, “सतराच होते ना?”

तिने फरशीवरची नजर काढली नाही. तिचा आवाज कापत होता, पण मला रागवताना असतो तसाच होता.

“असू देत,” ती म्हणाली. “आणखी पेले काढ.”